पालथा नवरा, उताणा नवरा

नात तालमीतून घरी आली की तिच्या कपड्यांना तांबड्या मातीचा वास असतो. ताक, हळद, तेल मुरवलेल्या मातीचा. आज तो नाकात गेला आणि मी थेट लग्नाच्या वर्षीच्या जत्रेत, सासूबाईंशेजारी माळवदावर जाऊन बसले.

माहेर पुण्याचं, कुस्ती जन्मात पाहिलेली नाही, पण शहाणपण मात्र उतू चाललेलं. खाली मैदानात गावाचे पैलवान म्हणून आमचे हे लढत होते. बघते तर काय, हे पालथे! तोंड मातीत आणि पाठीवर परगावचा पैलवान धोंड्यासारखा बसलेला. मी सासूबाईंचा हात गच्च धरला.

"अहो आत्याबाई, गुदमरले हे! सोडवा ना कुणीतरी!"

"गप बस की," सासूबाई म्हणाल्या. "कायबी हुत न्हाय त्याला."

एवढ्यात त्या पैलवानानं यांना उलटलं. मातीनं माखलेलं तोंड आभाळाकडं झालं, छाती भात्यासारखी हलू लागली. जिवंत आहेत! मी उठून उभी राहिले आणि बांगड्या फुटेस्तोवर टाळ्या वाजवल्या. तेव्हाच्या त्या नव्या नवरीला, म्हणजे मलाच, आज कुणी माझ्यासमोर आणलं, तर मी तिचे हात पदरानं बांधून ठेवेन.

सारं मैदान चिडीचूप. माळवदावरच्या बायका माझ्याकडं वळल्या.

"आगं भवाने," सासूबाई किंचाळल्या, "पालथा हुता तवर लढत हुता. पाठ टेकली, आता हरला की त्यो!"

माझे हात तसेच हवेत राहिले. आणि खाली उताणे पडलेले हे, डोळे फाडून, माझ्याकडंच बघत होते.