गैरहजर : देव सर

समस्त काशीवासीयांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शाळेत खरी सत्ता प्रिन्सिपलची नसते. ती टाइमटेबल-इन्चार्जची असते. म्हणजे माझी! कुणी रजेवर गेलं की त्याचे तास इतरांच्या गळ्यात मारायचे, याला आम्ही ‘अरेंजमेंट’ म्हणतो. रोज सकाळी मी लाल रजिस्टर उघडतो आणि भलेभले मास्तर खांबाआड होतात.

गेल्या वर्षी मात्र महिनाभर मी रोज एकच चूक करत होतो. गणिताचे देव सर आत्महत्येने गेले होते, आणि मी लिहीत होतो, ‘गैरहजर : देव सर’. अरेंजमेंट परत येणाऱ्या माणसासाठी असते. न येणाऱ्यासाठी नवं टाइमटेबल लागतं. पण कुणी मला टोकलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांचं नावच निघत नव्हतं. दूधविनायकच्या गल्लीत त्यांची आई दिसली की मी रस्ता बदलत होतो.

अशात आमचा वीस वर्षं जुना शिपाई, रामधनी, राजीनामा घेऊन आला. प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं.

“पाध्येजी, इन्हें समझाइए. और टाइमटेबल भी बदलिए अब.”

“का बात है, रामधनी?”

“स्टाफरूम में चाय लेके जाया नहीं जाता, गुरुजी.”

त्याला घेऊनच मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गेलो. “दहावी ब, चौथा तास. देव सरांचा. कोण घेतंय?”

सगळ्यांनी वह्या तपासायला घेतल्या. शेवटी मीच बोललो. “त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी ते म्हणाले होते, ‘पाध्ये, आज जादा तास नको.’ मी नाटकी आवाजात म्हटलं, ‘रजिस्टरची आज्ञा आहे, महाराज!’ आणि दिला.”

संस्कृतच्या लेलेबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “मला फोन आला होता त्यांचा. कुकर लावत होते, उचलला नाही.”

पीटीचे मिश्राजी म्हणाले, “हमने उस दिन उनके जूतों का मज़ाक उड़ाया था.”

एकेक जण बोलला. प्रत्येकाने आपापला गुन्हा महिनाभर एकट्याने सांभाळला होता. पुढे काउन्सेलर बाई आल्या. एका तासाने, एका फोनने असं घडत नसतं, हे त्यांनी नीट समजावलं. आम्ही ऐकलं. निम्मं पटलं. नवं टाइमटेबल लागलं, मी देव सरांच्या आईकडे चहाला जाऊ लागलो.

पण स्टाफरूममधल्या त्या दुपारी रामधनी केटली घेऊन दाराशीच उभा होता. त्या शुक्रवारी देव सर शाळा सुटल्यावर वर्गात एकटेच बसले होते, आणि कुलूप लावायचंय म्हणून यानेच त्यांना उठवलं होतं. हे सांगून झाल्यावर त्याने राजीनाम्याची घडी करून खिशात घातली आणि केवढ्यांदा तरी ओरडला, “तो गुरुजी, हम अकेले नहीं थे?”