जंकमध्ये भाव करणारे काका

"चला, पाहू आज कोण कोण फसवाले आलं!"

सकाळी दुकानात आल्यावर काकांचं पहिलं वाक्य हे. टोपी खुंटीला अडकवायची, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसायचा, दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं. बाकीचे लोक आधी इनबॉक्स उघडतात. काका आधी जंकचा, म्हणजे नकोशा मेलचा, कप्पा उघडत. इनबॉक्समध्ये असतं काय? बँकेचं पत्रक, ट्रकवाल्याचं बिल. खरा बाजार जंकमध्ये भरतो, असं त्यांचं मत होतं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बसस्टँडवर घड्याळवाल्याला तो उगाच अर्ध्या किमतीपर्यंत खाली आणतो आणि मग "राहू दे बे" म्हणून गाडीत चढतो. काका त्यांतले.

खामगावच्या बाजारात ते सरकीच्या ढेपेचे दलाल होते. सरकीचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती ढेप, दुभत्या जनावरांचं खाद्य. मी त्याच बाजारात पोती उचलून वर आलेला. समोरच्या शेठकडे हमाल होतो. एकदा गिऱ्हाइकाशी भाव बोलायला तोंड उघडलं, तर शेठ चारचौघांत म्हणाला, "तू पोतं उचल. भाव करणं तुझ्या बसचं नाही." पोतं तिथंच टाकलं आणि निघालो. मग आख्ख्या ओळीत मला कोणी दुकानाचा कोपरा देईना. काकांनी दिला, आणि मी स्वतः ढेप विकायला लागलो. अर्धं दुकान त्यांचं, अर्धं माझं, आणि मधल्या टेबलावर दोघांत मिळून एक कॉम्प्युटर आणि ई-मेलचा एकच पत्ता. भांडणाची पक्की सोय होती.

एकदा परदेशातल्या कुठल्याशा राजघराण्यातल्या विधवा बाईंचा मेल आला. नवऱ्याची अफाट ठेव बँकेत अडकली आहे, सोडवायला मदत करा, अर्धी तुमची. मी म्हटलं, "काका, उडवा तो."

"काऊन? बाई घरबसल्या धंदा आणून राह्यली न!"

मग एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहून, त्यांनी उत्तर दिलं : आम्ही दलाल माणसं, अर्ध्यात काम करत नाही, शेकडा दीड हा आमचा रिवाज. आधी मालाचा नमुना पाठवा.

आणि बाईंचं उत्तर आलं हो! नमुना पाठवता येत नाही, पण आधी फी भरा. काकांनी कळवलं, फी आमच्या वाट्यातून कापून घ्या. बाईंनी फी निम्मी केली. काकांनी पुन्हा तेच लिहिलं. बाई पाव फीवर आल्या. काकांनी मांडीवर थाप मारली. "उतरली रे, उतरली!" शेजारचे दुकानदार धावत आले. त्यानंतर बाई कायमच्या गप्प झाल्या. काकांच्या खिशातून दमडी गेली नव्हती, पण गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून ते दोन दिवस हळहळत होते.

उत्तर देणाऱ्याचा पत्ता जगभर फिरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मेलचा पूर लोटला. कर्ज घ्या, लॉटरी लागली, डोक्यावर केस उगवा. काका टकलावरून हात फिरवत म्हणत, "माह्या डोक्याची चिंता लय लोकायले लागून राह्यली बे."

त्या गर्दीत माझ्या गिऱ्हाइकांचे मेल दिसेनासे झाले. माझं डोकं फिरलं. काका चहाला गेले होते तेव्हा मी सेटिंगमध्ये शिरलो आणि जंकची चाळणी सगळ्यात बारीक करून टाकली. पत्त्यांच्या यादीत ज्याचं नाव आहे तोच इनबॉक्समध्ये येईल, बाकी सगळे जंकमध्ये. खाली आणखी एक चौकट होती : जंक न ठेवता थेट नष्ट करा. तिथं खूण करणार, तेवढ्यात मागून काकांनी मनगट धरलं.

"अबे, पाहून तर घेत जाय. फेकाले काय लागते?"

"तुमी पाहतच बसता. धंदा कोण करीन?"

"एक महिना राहू दे कप्प्यात. मंग फेक."

"एक दिवस."

"पंधरा. म्हाताऱ्याचं मन राख लेका."

"तीन. त्याच्यावर एक तास नाही."

घसे कोरडे पडले तेव्हा आठ दिवसांवर सौदा पटला. आठ दिवसांहून जुनं झालं की मी जंक रिकामं करायचं, काकांनी हूं की चूं करायचं नाही.

त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या दूध संघानं ढेपेचे नमुने मागवले. वर्षभराचा पुरवठा होता! मी नमुने पाठवले, समोरच्या शेठनंही पाठवले. मला ती ऑर्डर हवीच होती. पोती उचलणाऱ्या माणसाला भाव करता येतो, हे त्या शेठला त्याच्याच ओट्यावरून दिसायला हवं होतं.

संघाकडून उत्तर येईना. काका म्हणाले, "फोन लाव न."

मी कशाला लावू? आमच्या धंद्यात जो आधी फोन करतो त्याचा भाव पडतो. ते गप्प, तर मी दुप्पट गप्प. मला वाटलं, संघाचा माणूस कसलेला खेळाडू आहे, मला तंगवतो आहे. मी मनातून खूशही होतो. इकडे शेठ रोज ओट्यावर येऊन मुद्दाम मिशीला पीळ द्यायचा.

एका सकाळी काका उशिरा आले, नेहमीसारखे जंकमध्ये शिरले आणि एकदम खुर्चीतून उठले.

"अबे इकडं ये! हा फसवणारा ओळखीचा दिसून राह्यला!"

दूध संघाचाच मेल होता तो! खरेदीवर नव्या मॅडम आल्या होत्या आणि त्यांचा नवा पत्ता माझ्या यादीत नव्हता. एक नाही, तीन मेल होते. पहिल्यात, नमुना पसंत आहे, भाव कळवा. दुसऱ्यात आठवण. तिसरा त्याच सकाळचा : आज बारापर्यंत उत्तर नाही आलं तर दुसऱ्या व्यापाऱ्याला ऑर्डर देत आहोत. पहिला मेल सात दिवसांचा झाला होता; कर्जाच्या आणि केसांच्या ढिगात आधीचे दोन काकांच्याही नजरेतून सुटले होते.

घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते, आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, यूपीएस टींटीं करायला लागला.

"लिही लवकर," काका म्हणाले.

पण माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं. बाई तीनदा विचारते, म्हणजे बाई गरजू आहे! "काका, पोत्यामागं पाच रुपये चढवून लिहू. देईन ते बाई."

"येडा झाला का बे? तिनं तीनदा दार वाजवलं, तू घरात असून कडी काढली नाई. आता भाव चढवशीन?"

"भाव मी करतो! ऑर्डर माही आहे!"

"हाव, तुहीच आहे. पण मशीन मरून राह्यली न!"

मी दुकानात येरझाऱ्या घालत हिशेब मांडत होतो. पाच जास्त, तीन जास्त, पाच जास्त. यूपीएसचा आवाज जोरात व्हायला लागला. मी वळून पाहिलं तर काकांचं बोट पाठवण्याच्या बटणावरून उचलत होतं. माझा साधा भाव, पाच रुपये न चढवता, वर दोन ओळी : मेल चुकून मागे पडला, माफ करा, माल चोख देऊ.

मी जे ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. समोरचा शेठसुद्धा ओट्यावर आला. काका नुसते स्क्रीनकडे पाहत होते. स्क्रीन काळी होण्याच्या आधी उत्तर आलं : भाव मान्य. ऑर्डर तुम्हाला देत आहोत.

काकांनी टाळी वाजवली, मला मिठी मारली, बाहेर जाऊन शेठला ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्या ओळीला चहा सांगितला. मला आनंद झाला नाही असं नाही. पण पोत्यामागं पाच रुपये! बाईनं ते दिलेच असते. मी काकांना तेव्हाही सांगितलं आणि नंतर दर वर्षी करार आला की सांगत राहिलो. कारण बाईंशी मेलवर काकाच बोलायला लागले होते. यादीत त्यांचा पत्ता काकांनीच घातला, भावही काकाच ठरवत. ती दोघं खूप भांडत. बाई दोन रुपये कमी मागत, काका एक देत, आणि सगळं झाल्यावर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत. मी बाजूला बसून दात-ओठ खात असे.

"माहे पाच रुपये गेले, काका."

"कापून घे माह्या दलालीतून," ते हसत म्हणत. मी कापले नाहीत. कापले असते तर तक्रार संपली असती, आणि ती मला संपवायची नव्हती.

गेल्या हिवाळ्यात काका नांदुऱ्याला मुलीकडे गेले होते. तिथंच सकाळच्या उन्हात बसल्या बसल्या गेले.

यंदा कराराची वेळ आली. पहिल्यांदाच मला अडवणारं कोणी नव्हतं. मी मेल लिहिला, काका गेल्याचं कळवलं, आणि भाव पाच रुपये चढवून टाकला. आता कळणार होतं की इतकी वर्षं खरं कोणाचं होतं.

दुपारी मॅडमचं उत्तर आलं. भाव मान्य. खाली एक ओळ होती : काका गेले, त्यामुळे यंदा आम्ही तुमच्याशी भाव करणार नाही.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पाच रुपये मिळाले होते, पण मी मिळवले नव्हते. हेही म्हाताऱ्यानंच आणून दिले होते. आणि त्या दिवशी बाईनं ते दिले असते की नाही, हे आता कोणाकडूनही कळणार नव्हतं. असला राग आला! असा भाव मला नको होता.

मी लगेच उत्तर लिहिलं : मॅडम, असं चालणार नाही. भाव करावाच लागेल. तुम्ही किती देता?

मग त्यांनी पाच रुपये कमी मागितले. मी अंधार पडेपर्यंत भांडलो, आणि दिले.