चलानावरचे अर्ज लिहून मिळतील

अर्ज एका पानाचा असतो. पण तो लिहून घ्यायला आलेला माणूस एका पानात मावेल इतकं कधीच बोलत नाही! आधी गाडी कधी घेतली ते सांगतो, मग मेव्हण्यानं ती कशी आपटली ते, आणि चहा संपल्यावर कुठं चलानाचा विषय निघतो. अर्ज मी छापून देते, माणूस घेऊन जातो. बाकीचं सगळं माझ्याकडंच राहतं. त्यातलं थोडं आज सांगते.

मी रूथ. नगरमध्ये गाड्यांच्या चलानाच्या तक्रारी जिथं घेतात, त्या खिडकीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. खिडकीच्या आत पठारे हवालदार बसतात. माणूस सज्जन, पण कागदाशिवाय बोलत नाही. कुणी भांडायला लागला की ते बोटानं माझं दुकान दाखवतात. "समोर ताई आहेत. लिहून आणा."

आलेल्या प्रत्येकाला मी पहिलं एकच सांगते, आधी मोबाईलवर चलानाचा फोटो उघडा. नंबर बघा, वेळ बघा, जागा बघा. रडायचं ते नंतर.

*

अकोले तालुक्यातला लहानू असाच रडवेला आला होता. टेम्पोवाला. नगरच्या बाजारपेठेत नो पार्किंगला गाडी लावली म्हणून त्याला चलान आलं होतं.

"मॅडम, मी त्या दिशी भंडारदऱ्याला तांदूळ भरत हुतो. नगरला आलोच न्हाई!"

फोटो उघडला. फोटोत एक गुलाबी स्कूटी! नगरच्या गाड्यांचा नंबर सोळानं सुरू होतो, त्याच्याकडच्या सतरानं. कुणाचं तरी बोट एक आकडा सरकलं होतं, बाकी काही नाही.

लहानूनं दोन बोटांनी ती स्कूटी मोठी करून बघितली. मग म्हणाला, "आमचा टेम्पो येवडा बारीक न्हाई."

मी अर्ज लिहिला, फोटो जोडला. पठारेंनी वाचला आणि म्हणाले, "तुमचा टेम्पो आहे, याला पुरावा काय? आरसी बुकाची झेरॉक्स आणा."

लहानूनं फक्त 'आणा' एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला आणि टेम्पोच घेऊन आला! थेट खिडकीसमोर उभा केला आणि हॉर्न वाजवला. "सायेब, ह्यो बगा पुरावा!"

पठारे बाहेर आले. टेम्पोला एक चक्कर मारली, नंबर वाचला, मान डोलावली. जुनं चलान रद्द झालं. पण तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शिपायानं नवीन फाडलं होतं. टेम्पो नो पार्किंगच्या पाटीखालीच उभा होता.

मला वाटलं, आता हा डोकं आपटून घेणार. पण लहानूनं मोबाईलवर नवा फोटो उघडला आणि खुलला.

"ह्यो बराबर हाय बगा. नंबर बी आपला, गाडी बी आपली."

चलान जागेवर भरलं. आणि जाताना मला म्हणाला, "मॅडम, ह्याची एक कलर काढा. लॅमिनेशन करून. टेम्पोचा असा समोरून फोटू आपल्याकडं न्हाई!"

*

मुळे सर निवृत्त मुख्याध्यापक. मला पाचवीला मराठी शिकवलेले, त्यामुळं मी अजून त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही. त्यांची स्कूटर बँकेसमोर नो पार्किंगच्या फलकाखाली सापडली. फोटो स्वच्छ. नंबर बरोबर, वेळ बरोबर, जागा बरोबर.

"सर, यात काही जागा नाही लढायला. भरून टाका."

"रूथ, फलक वाच."

वाचला. 'येथे वाहने लावू नये.'

"पुढं?"

"पुढं काही नाही, सर."

"तेच! वाहने अनेक. मग 'नयेत' हवं. चुकीच्या मराठीतली आज्ञा माझ्यावर बंधनकारक नाही. लिही."

चार पानं लिहिली. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं आलं. मध्ये माझ्या दोन चुका निघाल्या, त्या त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केल्या, म्हणून पुन्हा टाईप केलं. पठारे हवालदारांनी अर्ज दोन दिवस घरी नेऊन वाचला म्हणे.

आठ दिवसांनी सरांना उत्तर आलं. सर ते घेऊन माझ्याकडं आले. मी म्हटलं, आता काहीतरी बोलतील. पण चेहऱ्यावर वेगळंच तेज! कागद माझ्यासमोर धरला. एकच ओळ होती.

'आपली तक्रार अमान्य करण्यात येत आहेत.'

"रूथ," सर म्हणाले, "नवीन कागद लाव!"

*

एक तरुण नेते आले होते. पांढरे कपडे, काळा गॉगल, बरोबर चार जण. गाडी चौकात नो पार्किंगला उभी होती, पण त्यांचं म्हणणं, बोर्ड दिसतच नव्हता. आणि खरंच, फोटो बघितला तर बोर्डाच्या जागी भला मोठा फ्लेक्स! मला आनंद झाला. म्हटलं, ही केस पक्की आहे. बोर्ड झाकलेला असेल तर माणसाला कळणार कसं? तसा अर्ज लिहिला आणि मीही उत्साहानं खिडकीपर्यंत गेले.

पठारेंनी फोटो मोठा केला. "फ्लेक्स कसला आहे हो?"

"वाढदिवसाचा."

"कुणाच्या?"

चौघं कार्यकर्ते एकदम रस्त्याकडं बघायला लागले. नेत्यांनी गॉगल काढला.

"...माझ्याच."

*

एका दुपारी एक बाई आल्या. चलान त्यांच्या मोबाईलवर आलं होतं, कारण गाडी त्यांच्या नावावर. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "तक्रार काय लिहू?"

"तक्रार नाही. चलान खरं आहे. मला फक्त हा फोटो मोठा करून द्या."

दिला. बाईंनी घडी घातली, पर्समध्ये ठेवली, गेल्या.

तासाभरानं एक गृहस्थ धापा टाकत आले. तेच चलान! "ताई, लिहा, ही गाडी आमची नाही. डुप्लिकेट नंबर आहे. माझी गाडी त्या वेळी कोपरगावला होती. मीही कोपरगावला होतो."

मी म्हटलं, "नंबर बरोबर आहे, दादा."

"तरी लिहा! घरी दाखवायला काहीतरी पाहिजे. मला शुगर आहे हो!"

शुगरचा आणि चलानाचा काय संबंध, हे मला कळेना. पण मी लिहून दिलं. अर्ज लिहिणं माझं काम, त्यातलं खरं-खोटं बघणं पठारेंचं.

पठारेंनी बघितलं. संध्याकाळी शेरा आला: 'छायाचित्रात मागील बाजूस मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर अर्जदार स्वतः जिलेबी खाताना दिसत आहेत. सबब तक्रार अमान्य.'

गृहस्थांनी शेरा वाचला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "यातलं जिलेबीचं तेवढं खोडून मिळेल का?"

*

आता निकम आबांचं सांगते.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. रिटायर होताना साहेबांनी भाषणात सांगितलं होतं की या माणसाच्या नावावर एक ओरखडा नाही. ते वाक्य आबांनी जपून ठेवलं होतं. मला पहिल्या भेटीतच ऐकवलं. आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांना आयुष्यातलं पहिलं चलान आलं, भाजी मंडईपाशी स्कूटर चुकीच्या जागी लावल्याचं.

"पोरी, ही गाडी मी लावलेली नाही."

"पण आबा, गाडी तुमचीच आहे ना?"

"गाडी माझी आहे. लावलेली माझी नाही." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हिचं तोंड भिंतीकडं आहे. मी जन्मात गाडी तोंड आत करून लावली नाही. तोंड कायम रस्त्याकडं. मी पांढऱ्या पट्ट्याच्या आत लावली होती. कुणीतरी आपली गाडी काढायला माझी उचलून बाहेर ठेवली."

मी तसं लिहिलं. पठारेंनी शेरा मारला, 'ही सवय आहे, पुरावा नाही.' आबा दुसऱ्यांदा आले. मग तिसऱ्यांदा. मंडईतल्या भाजीवाल्यांच्या सह्या आणल्या, की आबांची गाडी रोज तोंड बाहेर करूनच असते. मुलगा म्हणाला, "आबा, मी भरतो, विषय संपवा." आबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. चौथा अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात आबा झोपेतच गेले.

दहाव्याला मीही गेले. आमच्यात हे विधी नसतात, पण माणूस माझ्या दुकानात चार वेळा बसून गेलेला. पठारे हवालदारही आले होते, साध्या कपड्यांत, मागं उभे.

नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. कावळे होते, चांगले पाच-सहा. पण भिंतीवर बसून नुसते बघत होते.

मुलगा म्हणाला, "आबा, आईला नीट सांभाळू." नाही. "आबा, धाकटीचं लग्न थाटात करू." नाही. कुणीतरी पिंडाशेजारी तंबाखूची पुडी ठेवली. नाही. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेवढ्यात मुलगा हात जोडून म्हणाला, "आबा, तुमचं ते चलान मी भरून टाकतो."

सगळे कावळे एकदम उडाले आणि लांबच्या बाभळीवर जाऊन बसले!

सगळ्यांनी माना वळवून पठारेंकडं बघितलं. पठारे घामाघूम. त्यांनी कुणाकडं न बघता खिशातून घडी घातलेला कागद काढला. आबांचा चौथा अर्ज. बरोबर आणला होता, का आणला होता ते मी विचारलं नाही. गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "तक्रार मान्य. चलान रद्द."

एक म्हातारा कावळा बाभळीवरून खाली आला. पत्रावळीपर्यंत चालत आला. मान तिरकी करून पिंडाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, आणि तसाच उभा राहिला.

मग आबांची बायको पदर सावरत हळूच म्हणाली, "साहेब, ते बिनशिक्क्याचा कागद घेत नव्हते."

पठारेंनी आबांच्या भाच्याला आपल्या स्कूटरची किल्ली दिली, ऑफिसच्या कपाटाची दिली, आणि शिक्का कुठल्या खणात आहे ते सांगितलं. वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं कावळा हलला नाही. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला होता.

शिक्का आला. पठारेंनी पॅडवर दाबला, फुंकर मारली, आणि नदीकाठच्या फरशीवर कागद ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा मारला.

कावळ्यानं चोच घातली.