पोट आमचं, ओटी त्यांची

मागल्या दारी, धुण्याच्या दगडावर माझी बायको बसली होती. सातवा महिना. आत दिवाणखान्यात, फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर बाईंचं डोहाळजेवण चाललं होतं. बाईंच्या पोटात काही नव्हतं. पोटाला उशी बांधली होती. उशीची नाडी सकाळी माझ्या बायकोनंच बांधली. मूल होतं हिच्या पोटात.

नीट सांगतो, नाहीतर तुमचा घोळ होईल. बदलापूरला कात्रपमध्ये साहेबांचा बंगला. अंबरनाथला त्यांचा रंगाचा कारखाना. मी आधी कारखान्यात पिंपं उचलायचो, मग बंगल्यावर वॉचमन. बायको धुणीभांडी करायची. घर आमचं चामटोलीच्या अंगाला, वाडीत. नव्वद सालानंतरची गोष्ट. बाईंची पिशवी आजारात काढली होती. मुंबईच्या डॉक्टरनं साहेब-बाईंचं बीज बाहेर जुळवलं आणि माझ्या बायकोच्या पिशवीत ठेवलं. साहेबांनी तिला बोटही लावलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण वाडीत लोक घाण बोलले. पैसे ठरले होते ते मिळाले. त्याचं रडगाणं नाही.

पैशांखेरीज बायकोनं एकच मागितलं होतं. सातव्यात माझी ओटी भरा. तिची आई म्हणायची, ओटी न भरता पोर बाहेर आलं तर जन्मभर उपाशी नजरेचं राहतं. बाई म्हणाल्या होत्या, भरीन.

आमची जात लिहीत नाही. आमचा पेला पायरीखाली पालथा असायचा, त्यावरून ओळखा. डॉक्टर म्हणाला, हिला रोज दूध द्या. दिलं. बाईंच्या सासूबाई वरून ओतायच्या, भांडं आमच्या पेल्याला लागू न देता. पोटात त्यांचा नातू. पेल्याचा विटाळ. मी तिसरी शिकलेला माणूस, हे गणित मला कधी सुटलं नाही.

त्या दिवशी आम्ही वाट बघितली. आत पेढा का बर्फी चाललं होतं. कुणीतरी झोपाळ्याला जोरात झोका दिला तशी उशी सरकली, आणि एक पाहुणी म्हणाली, पोट खाली आलंय हो, मुलगाच. दगडावर बसून माझी बायको हसली. तेवढंच हसली. ओटीचं तबक आतल्या आत फिरलं, मागं काही आलं नाही. मी दाराशी जाऊन विचारलं. बाईंनी मान खाली घातली. सासूबाई उठून आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"झाड आमचं आहे. कुंडीची कुणी ओटी भरतं का रे? आणि तिला मागच्या खोलीत ने, पाहुण्या हात धुवायला येतील."

कुंडी.

बायकोनं ऐकलं. पोटावरचा पदर सारखा केला. पोर आत फिरलं की ती तसंच करायची.

मी म्हटलं, "ऊठ."

"मागनं जाऊया, अवो."

"नाय. पुढनं."

पुढनं नेली. झोपाळ्यासमोरनं. एक पोट खरं, एक उशीचं, मधे पेढ्यांचं ताट. बाया या पोटाकडनं त्या पोटाकडं बघत राहिल्या. विचारायला उरलं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गाडी आली. साहेब अंगणात उभे राहिले. डॉक्टरची तारीख आहे म्हणाले, चल तिला घेऊन, मूल आमचं आहे.

"मूल तुमचंच, साहेब. कोण नाय म्हणतंय? पण तिच्या हातचं पाणी प्या, मग न्या. आणि ओटी भरा. हितं, चार बायांसमोर."

"तू मला अडवतोस?"

अडवत नाही म्हटलं. वाट मोकळी आहे. पेला भरलाय.

बायको पेला धरून उभी. हात मागं घेतला नाही. साहेब घड्याळ बघत राहिले. तेवढ्यात गाडीतनं बाई उतरल्या. उशीशिवाय. पेला घेतला आणि घटाघटा प्यायल्या. तांदूळ आमच्या घरचे, नारळ शेजारणीचा. बाईंनी चार बायांसमोर ओटी भरली. साहेब प्यायले नाहीत. गाडीत जाऊन बसले.

मुलगा झाला. दुपट्यात गुंडाळून नेला. पुढं कितीतरी दिवस बायकोचं पोलकं दुधानं भिजायचं. बारशाचं बोलावणं नाही. मग बंगला विकून मंडळी मुंबईला गेली. जाताना साहेबांनी निरोप धाडला, तोंड बंद ठेव.

नाही ठेवणार. आता म्हातारा झालो, बूड एका जागी टिकत नाही, अंगणात येरझारा घालत असतो. रस्त्याला गाडी थांबली की मान वळते. तो पोरगा आता बाप्या झाला असेल. त्याच्या दारात जाऊन मी सांगणार नाही, ते त्याच्या आईबापाचं काम. त्याच्यावर माझा हक्क नाही, मागतही नाही. पण तो कधी माझ्या दारात आला तर खोटं बोलणार नाही. कुणाच्या पोटात वाढला ते सांगीन. तिला कुंडी कोण म्हणालं तेही सांगीन. पण आधी पाणी. तिच्या हातचं. प्यायला तर म्हणेन, बस. नाही प्यायला, तर त्याच्या तोंडावर दार लावीन. मग तो कुणाच्याही पोटातनं आलेला असो.