बाबांचा डावा पाय

मी गाडी चालवायला शिकले ती आधी फक्त क्लच शिकले. सहा महिने नुसता क्लच! स्टिअरिंगला हात नाही, गिअरला नाही, ब्रेक कुठला ते माहीत होतं पण त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. अशी शिकलेली अख्ख्या मुळशीत दुसरी कोणी नसणार, म्हणून म्हटलं, विसरायच्या आधी लिहूनच काढू.

झालं काय, माझे बाबा पौडला डॉक्टर. सकाळी दवाखाना, दुपारी गाडी काढून खेड्यांची फेरी. एक दिवस माले, एक दिवस रिहे, मधेच कासार आंबोली. अठ्ठावन्नच्या होळीच्या सुमारास माल्याला पेशंटकडे जाताना ते शेताच्या बांधावरून घसरले आणि डावा गुडघाच गेला. काठी घेऊन चालता यायचं. पण आमच्या त्या जुन्या काळ्या गाडीचा क्लच भलता कडक, दाबला की बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दोन-तीनदा बघितलं आणि मग त्यांनी गाडीवर ताडपत्रीच टाकली. "आता इथे येतील त्यांना बघायचं," म्हणाले.

पण येणार कोण? रिह्याहून आजारी माणसाला बाजेवर घालून आणायचं म्हणजे चौघांचा दिवस मोडतो. लोक दुखणं अंगावर काढायला लागले. आणि बाबा रोज दुपारी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. दोन घास खाऊन पानावरून उठायचे. मला बघवेना.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरीच होते. एकदा सहज ताडपत्री वर करून गाडीत बसले. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, म्हणजे मधे काहीच नाही. मी डावीकडून सरकत सरकत बाबांच्या जागेपर्यंत गेले, उजवा पाय लांब केला, तर तो थेट क्लचवर! धावत आत गेले. "बाबा, तुमचा डावा पाय मी होते!"

"वेडी का खुळी गं तू?" आई म्हणाली.

बाबा उठले, काठी घेतली आणि गाडीकडे चालायला लागले.

मग आमची पद्धत ठरली. बाबा "हं" म्हणाले की मी क्लच दाबायचा. ते गिअर टाकणार आणि मग "हूंऽऽऽ" असं लांबवणार, जेवढं लांबवतील तेवढं हळू मी पाय उचलायचा. पहिल्या दिवशी आम्ही बेडकासारखे गेलो. बाबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बॅगेतल्या बाटल्यांचा नुसता खुळखुळाट! पण महिन्याभरात असं जमलं की "हं" म्हणायच्या आधी त्यांनी श्वास घेतला तरी माझा पाय हलायचा. फेरी पुन्हा सुरू झाली. बाबा पुन्हा पोटभर जेवायला लागले.

अट एकच, कुणाला सांगायचं नाही. "डॉक्टरलाच गुडघा नाही म्हणतील," बाबा म्हणायचे. लोकांना सांगितलं, मुलगी पट्ट्या बांधायला मदतीला येते.

पण मला पूर्ण गाडी पाहिजे होती ना! अठरा पूर्ण झाल्याबरोबर पुण्याहून शिकाऊ लायसन्स आणवलं आणि बाबांच्या मागे लागले. दिवाळीनंतर एकदा आम्ही रिह्याहून परत येत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बायकोला कापणीत विळा लागला होता, तिच्या पायाला पट्टी करून. रस्ता मोकळा, शेतं कापलेली. बाबांनी गाडी थांबवली. "ये इकडे. लक्षात ठेव, आता क्लचला डावा पाय."

जागा बदलल्या. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, निघालीसुद्धा! मला काय आनंद झालाय म्हणता! आता दुसरा गिअर टाकायचा, आणि बाबा सवयीनं म्हणाले, "हं."

माझा उजवा पाय खाडकन खाली गेला. सहा महिन्यांची सवय! पण उजव्या पायाखाली आता क्लच कुठे, तिथे अॅक्सिलरेटर. गाडी गुरगुरत रस्ता सोडून उडाली, बांध फोडून खाली खाचरात जाऊन बसली.

खाचर नेमकं त्याच म्हाताऱ्याचं. तो बैल घेऊन आला. बाबा घाईघाईनं म्हणाले, "मीच चालवत होतो हो."

"मंग चाक तितं आन तुमी हितं कसं?" म्हातारा म्हणाला. "ऱ्हाऊ द्या डाक्टर. सा महिनं बघतुया आमी, पाय ताईचा आन हात तुमचं. आमाला काय डोळं न्हाईत? एका गाडीला दोन गाडीवान कुटं असत्यात व्हय!"

म्हणजे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं! मला हसू आलं, पण बाबांचा चेहरा बघून गिळलं. बैलांनी गाडी ओढून काढली. घरी येईपर्यंत "हं" आणि "हूं" सोडून बाबा एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर स्वतः ताडपत्री टाकली. "झालं हे बास. उद्या कुणाच्या अंगावर घातली असती तर?"

खरंच होतं ते.

पाचव्या दिवशी म्हातारा रिह्याहून पायी चालत दवाखान्यात आला. "कारभारनीचा पाय लई सुजलाय. उतरंना. बैलगाडीत घालून आनावं तर हिसक्यानं वरडती."

बाबांनी गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. तो गेल्यावर किती वेळ गोळ्यांची बाटली हातातच धरून बसले होते.

मी म्हटलं, "बाबा, तीन दिवस द्या मला. पण तुम्ही बोलायचं नाही."

"बरं."

बरं म्हणणं सोपं! पहाटे नदीकाठच्या माळावर गेलो, मी गाडी चालू केली, गिअरला हात लावला की आलंच, "हं." माझा उजवा पाय दाणकन खाली. पुन्हा केलं, पुन्हा "हं". त्यांना स्वतःला कळायचंही नाही. शेवटी मी बॅग उघडली आणि थर्मामीटर काढला. "तोंडात धरा. जिभेखाली."

धरला बिचाऱ्यांनी! तीन सकाळी माळावर आमची गाडी गोल गोल फिरतेय आणि शेजारी डॉक्टर तोंडात थर्मामीटर धरून बसलेत. गुराखी थांबून बघायचे. एकानं विचारलं, "डाक्टरलाच ताप आला का वं?" बाबांना उत्तरही देता येईना. मला इंजिनचा आवाज तर आधीपासूनच पाठ होता. फक्त तो डाव्या पायाला शिकवायचा होता.

चौथ्या दिवशी रिह्याला निघालो. आई दारात उभी होती, फक्त "सावकाश" म्हणाली.

सगळं ठीक चाललं होतं, पण रिह्याच्या अलीकडच्या चढावर पुढे पेंढ्याच्या तीन बैलगाड्या. त्या थांबल्या, मलाही थांबावं लागलं. ऐन चढावर! हँडब्रेक ओढला. माळावर चढ कुठून असणार? मागे गेलो तर सरळ ओढ्यात. आणि थर्मामीटर बॅगेत, बॅग मागच्या सीटवर.

बैलगाड्या हलल्या. मी क्लच दाबला, पहिला टाकला. बाबा एकदम बाहेर बघायला लागले. ओठ घट्ट मिटलेले. मी डावा पाय हळूहळू उचलायला लागले, इंजिनचा आवाज जड होण्याची वाट बघत, आणि सहज नजर खाली गेली. बाबांचा दुखरा पाय पायाखालच्या मोकळ्या पत्र्यावरून हळूहळू वर येत होता. माझ्या पायाबरोबर, अगदी तेवढाच. आवाज जड झाला, मी हँडब्रेक सोडला, गाडी बोटभरही मागे न जाता वर चढली.

म्हातारा अंगणातून नेहमीसारखा बॅग घ्यायला उजव्या दाराशी आला, दार उघडलं तर आत मी.

"व्हय का!" एवढंच म्हणाला आणि पलीकडे जाऊन बाबांना हात देऊन उतरवलं.

जखमेत पू झाला होता. बाबांनी तो काढला, मी पाय धरून ठेवला, म्हातारीनं आम्हा दोघांना यथेच्छ शिव्या दिल्या. तासाभरानं तिनं चहा मागितला तेव्हा बाबांचा जीव भांड्यात पडला. "पाय राहील," ते मला हळूच म्हणाले.

निघताना म्हातारा गाडीशी आला. बाबा डावीकडे बसले होते, त्यांच्या खिडकीवरून तो तसाच पुढे आला आणि माझ्या खिडकीशी थांबला.

"परत कवा येनार?"

मी बाबांकडे बघितलं. तर बाबा माझ्याकडेच बघत होते, उत्तराची वाट बघत.

"परवा," मी म्हटलं. "सकाळी."

"लवकर या मंग," म्हातारा म्हणाला. "ऊन वर आल्यावर त्या चढाला गाड्या लई असत्यात."