रुकूचे कान आणि आमची मराठी

“रुकूच्या दोन्ही कानांत, पडद्याच्या मागे चिकट पाणी साचलंय. आपलं बोलणं तिला पुसट ऐकू येतं, पाण्यात बुडी मारल्यावर येतं तसं,” कानाच्या डॉक्टर म्हणाल्या.

मी काही विचारायच्या आत सासूबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, “म्हणजे आमच्या मराठीमुळे काही झालं नाही ना?”

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. मला मात्र तो चांगलाच कळला.

रुक्मिणी, म्हणजे रुकू, माझी मुलगी. तिला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. शरीराच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र जास्तीचं असतं, त्यामुळे सगळी वाढ सावकाश होते. चौथं वर्ष लागत आलं तरी तिच्या तोंडून दोन-चार आवाजच निघत. तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी प्रेमानंच सांगितलं, “घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्लिश. अशा मुलांना एवढं झेपत नाही. एकच भाषा ठेवा.”

आम्ही कन्नड ठेवली. मैसूरला आमच्या कितीतरी पिढ्या झाल्या, माझ्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान कन्नडमध्येच चालतं. आम्हाला ते जड गेलं नाही. जड गेलं सासूबाईंना. बाजारात त्या फर्डी कन्नड बोलतात, पण लेकराला घास भरवताना त्यांच्या तोंडून मराठीच येते. चुकून एखादा शब्द जाईल म्हणून त्या नातीशी बोलेनाशाच झाल्या. मुकाट्यानं भात कालवायच्या, मुकाट्यानं भरवायच्या. रुकू त्यांच्या ओठांकडे बघत राहायची.

मग नेहमीच्या तपासणीला बालरोगतज्ज्ञांनी सहज विचारलं, “कान शेवटचे कधी तपासले?” जन्मल्यावर तपासले होते, तेव्हा ठीक होते. ते म्हणाले, “या मुलांचे कान, डोळे आणि थायरॉइड दर वर्षी बघायला हवेत. एकदा ठीक निघाले म्हणून सोडायचं नाही.” माझ्यासारख्या आयांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

पहिली तपासणी टिम्पॅनोमेट्री. कानात हलका दाब देऊन पडदा हलतो का ते बघतात. रुकूचा हलत नव्हता. दुसरी बेरा. मूल झोपल्यावर डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजतात. तपासणीच्या दिवशी रुकू एरवीपेक्षा ताजीतवानी होती. सासूबाई तिला खांद्यावर टाकून बाहेरच्या झाडाखाली फिरल्या, तेव्हा कुठे ती झोपली.

त्यानंतरच डॉक्टरांनी ते पाण्याचं सांगितलं. सासूबाईंचा प्रश्न मी समजावल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “अज्जी, दोन भाषांनी काहीही बिघडत नाही. तिला ऐकूच येत नव्हतं. तुम्हाला जी भाषा मनापासून येते तीच बोला. जवळ बसून, तिच्याकडे तोंड करून बोला.”

सासूबाईंनी मान हलवली. रिक्षा विजयनगरला, आमच्या घराशी पोचेपर्यंत त्या रुकूशी मराठीत बोलत होत्या. दिसेल ते सांगत होत्या: गाय, बस, केळी, पोलीस.

पाणी आपोआप ओसरतं का, याची काही महिने वाट पाहिली. ओसरलं नाही. मग ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची इवलीशी नळी, घालायचं ठरलं. त्याआधी हृदयाची तपासणी झाली, भूल देताना मान जपावी लागते म्हणून मानेची तपासणीही झाली. ऑपरेशन लहानसं आहे, असं सगळे सांगत होते. तरी तिला आत नेल्यावर नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि बाहेर आणेपर्यंत वळला नाही.

उजव्या कानात नळी बसली. डाव्या कानाची वाट इतकी अरुंद होती की तिथे बसली नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “या कानाला ऐकायचं मशीन लावू.” मला रडू आलं. नवरा म्हणाला, “एक तर झाला ना? चल.”

मशीन रुकू ओढून फेकायची. नवऱ्यानं दुकानातल्या मऊ सुती कापडाची, डोक्याला बांधायची पट्टी शिवली, त्या पट्टीला मशीन अडकवायला छोटा कप्पा केला. पहिली पट्टी घट्ट झाली, दुसरी घसरली. तिसरी तिनं पाच मिनिटं ठेवली, मग जेवेपर्यंत, मग सगळी सकाळ.

बोलणं लगेच आलं नाही. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आवाज ऐकायला शिकण्यातच बरेच महिने गेले. स्पीच थेरपीच्या बाई कन्नडमध्ये शिकवायच्या, घरी सासूबाईंची शाळा मराठीत चालायची.

एका सकाळी थेरपीच्या बाईंनी तिच्यापुढे आणखी एक चित्र धरलं. रुकूनं ते हातानं सारलं आणि स्वच्छ म्हणाली, “बेडा.” बाईंचे डोळे भरून आले. कन्नडमध्ये ‘नको’ म्हणणारी रुकू घरी आली. सासूबाईंनी दुधाचा पेला पुढे केला. रुकूनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “नको.”

सासूबाई पेला हातात धरूनच खाली बसल्या. “बरं बाई, नको तर नको,” त्या म्हणाल्या, आणि ते दूध स्वतःच पिऊन टाकलं.