स्पार्टाच्या मैदानातल्या सरिता मॅडम

नवऱ्याचे दोन दात पाडले तेव्हा सरिता गजभिये चोवीस वर्षांच्या होत्या. लग्नाआधी त्या विद्यापीठाच्या कबड्डी संघात होत्या, लग्नानंतर मैदान बंद. एकदा त्या चोरून सामना खेळून आल्या. नवऱ्याने कमरेचा पट्टा काढला. दोन फटके त्यांनी सहन केले, तिसऱ्याला लाटणं उचललं. त्याच आठवड्यात त्या सक्करदऱ्याला आईकडे परत आल्या. इतिहासात एम.ए. पूर्ण केलं आणि तलावाजवळच्या एका पोलीस भरती अकॅडमीत सामान्य ज्ञान शिकवू लागल्या.

त्या अकॅडमीच्या भिंतीवर लाल झगा आणि ढाल घेतलेला ग्रीक योद्धा रंगवलेला आहे, म्हणून पोरं मैदानालाच स्पार्टा म्हणतात. मी तिथे गेलो ते धावण्याची वेळ मोजणारे सेन्सर बसवायला. हिंगण्याच्या कारखान्यात माझी नोकरी आहे, सेन्सरचं काम सुट्टीतलं. पहिल्याच सकाळी तिथली रीत बघितली. सोळाशे मीटरमध्ये जो शेवटी येईल त्याला ओणवं करायचं आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने पाइपचा फटका द्यायचा. पाणी मारायचाच काळा पाइप, हातभर कापलेला. मार खाणारा ओरडला की फटके पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी एका जाड्या पोराच्या पोटऱ्यांतून रक्त आलं तरी त्याने तोंड उघडलं नाही. अकॅडमीचे मालक चंद्रभान सर, फौजेतून निवृत्त झालेले, शेजारी चहा पीत होते.

"मार खाल्ल्याशिवाय जोश येत नाही गा, इंजिनियर," ते मला म्हणाले.

पाइप असायचा साहिलच्या हातात. साहिल सगळ्यांत जुना मुलगा. उंच, देखणा, दोनदा भरतीत थोडक्यात हुकलेला. अकॅडमीत पहिला नंबर त्याचाच, असं सगळे धरून चालत. माझ्या सेन्सरने मात्र वेगळंच दाखवलं. वेळेत पहिला येत होता रोशन, सरिता मॅडमचा धाकटा भाऊ. रोशन फी भरत नव्हता. त्याबदल्यात तो पहाटे मैदानावर पाणी मारायचा, चुन्याच्या रेषा आखायचा आणि मग सगळ्यांच्या मागे उभा राहून धावायचा. भरतीची शारीरिक चाचणी दोन आठवड्यांवर आली होती. वयाच्या अटीमुळे त्याला हे वर्ष आणि पुढचं, एवढंच उरलं होतं.

एक दिवस चंद्रभान सर म्हणाले, "मॅडम, पोट्ट्यांना स्पार्टा शिकवा एकदा. भिंतीवर हाय, पण कोणालेच माहीत नाही."

पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरला. मागच्या बाजूला मी तारा सोलत बसलो होतो. मॅडमनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला अथेन्स, दुसऱ्या बाजूला स्पार्टा.

"स्पार्टात सात वर्षांच्या पोराले घरून उचलून छावणीत टाकत. अर्धपोटी ठेवत, चोरी करायले लावत, सापडला तर फोडून काढत. चोरी केली म्हणून नाही, सापडला म्हणून."

"आपल्यासारखंच हाय मॅडम," कुणीतरी म्हणालं. शेड हसली.

"अथेन्सात नाटकं, वादविवाद, भर सभेत मतदान. एखादा माणूस डोईजड झाला की लोक मडक्याच्या खापरावर त्याचं नाव कोरत. ज्याचं नाव जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर."

"मंग अथेन्सच भारी," पुढच्या बाकावरची श्वेता म्हणाली. श्वेता दिघोरीची, भरती व्हायचंच म्हणून घरी भांडून आलेली.

"तू अथेन्सात असती तर घरात सूत कातत बसली असती वं. बाईले मत नाही, मैदान तर नाहीच. स्पार्टातल्या पोरी धावत, कुस्ती खेळत, जमिनीच्या मालकीण होत."

"म्हणजे तुम्ही स्पार्टाच्या, मॅडम!" साहिल म्हणाला. "सासरी लाटणं चालवलं म्हणते ना!"

पुन्हा हशा. मॅडमही हसल्या. "मी दोन्हीकडची नाही. स्पार्टाची शेती करत हेलट नावाचे गुलाम, मालकांपेक्षा कितीतरी जास्त. अथेन्सच्या चांदीच्या खाणीतही गुलामच मरत. आपण कुठं असतो ते तुम्हीच पाहा." मग त्यांचा आवाज खाली आला. "स्पार्टावाले दरवर्षी ह्या हेलटांवर युद्ध पुकारत. युद्ध पुकारलं की खुनाचं पाप लागत नाही. एकदा त्यांनी जाहीर केलं, लढाईत सगळ्यांत चांगली कामगिरी ज्यांनी केली त्यांनी पुढं या, तुम्हाले मोकळं करतो. हजारो आले. त्यातले दोनेक हजार निवडले, हार घातले, देवळांभोवती फिरवले. नंतर ते कोणालेच दिसले नाही."

"काहून, मॅडम?" श्वेताने विचारलं.

"कारण जो सगळ्यांत चांगला, तोच उद्या डोकं वर काढंल."

मॅडमना वाटलं, पोरांना भीती वाटली. श्वेताने पुढे मला सांगितलं की एकटा साहिल वही काढून लिहीत होता.

रविवारी धाव झाली. रोशन पहिला. माझ्या पडद्यावर आकडे झळकताच साहिलने टाळ्या वाजवल्या. त्याने खिशातून झेंडूचा हार काढून रोशनच्या गळ्यात घातला. पोरांनी रोशनला खांद्यावर घेतलं, मैदानाला फेरी मारली आणि नाचत तलावाच्या बाजूच्या पडक्या भिंतीमागे नेलं. चंद्रभान सर हसून म्हणाले, "भाईचारा पाहा." मॅडम तेव्हा शेडमध्ये पेपर तपासत होत्या.

भिंतीमागे साहिलच्या चौघा दोस्तांनी रोशनला जमिनीवर दाबलं. तोंडात तोच हार कोंबला. साहिलने त्याची नडगी दोन विटांवर टेकवली आणि मैदानाचा रूळ ओढायचा लोखंडी दांडा तिच्यावर हाणला. एकदा, मग पुन्हा. श्वेता पाण्याच्या टाकीवर बाटली भरत होती. तिने हाड मोडल्याचा आवाज ऐकला, सगळं बघितलं, आणि साहिलने तिला बघितलं.

रोशनच्या पायात सळी घालावी लागली. हे वर्ष गेलं. मॅडम पोलीस ठाण्यात जायला निघाल्या तेव्हा त्याने पलंगावरून त्यांचा हात धरला.

"ताई, जाऊ नको. साहिल सांगूनच गेला, तुम्ही केस करा, मी क्रॉस केस करतो. रोशननं आधी मारलं म्हणून चार जण सांगतील. माह्यावर केस लागली तर भरतीच्या व्हेरिफिकेशनमध्येच बाद होतो मी. पुढचं वर्षही जाईल."

"मंग सोडून देऊ त्याले?"

"माह्या नावानं काही करू नको."

मॅडम चंद्रभान सरांकडे गेल्या. साहिलला काढा, एवढंच मागितलं. सर म्हणाले, "मी कोणाले काढत नाही. पोट्टे म्हणतील तसं." सरिता मॅडमना त्यात वाट दिसली. खापरावर नाव गुपचूप लिहायचं असतं. घाबरलेली पोरंही गुपचूप खरं लिहितील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा गळका माठ आणला आणि मैदानाच्या मधोमध आपटला. प्रत्येकाला एक तुकडा दिला. "ज्याच्यामुळं ह्या मैदानाची इज्जत गेली, त्याचं नाव लिहा. ज्याचं नाव जास्त, तो आजच जाईल. सरांनी कबूल केलं हाय."

पोरांनी मार्करने, खडूने, खिळ्याने नावं लिहून तुकडे बादलीत टाकले. साहिल पुढे आला. "मी वाचतो. लोकशाही हाय ना!"

त्याने पहिला तुकडा उचलला. "सरिता मॅडम." दुसरा. "सरिता मॅडम." मग तो तालात वाचू लागला आणि पोरं त्याच्याबरोबर ओरडू लागली. बहुतेक तुकड्यांवर तेच नाव होतं. बादलीत हात घालणाऱ्यांच्या मागे त्याचे चौघे उभे होते. गुपचूप असं त्या मैदानावर काहीच नव्हतं.

तळाच्या एका तुकड्यावर साहिल थांबला. त्यावर जांभळ्या नेलपॉलिशने त्याचं स्वतःचं नाव होतं. त्याने मुलींच्या रांगेतले हात बघितले. मग पाइप उचलला, श्वेताची वेणी धरली आणि तिच्या पाठीवर, मानेवर, जिथे लागेल तिथे हाणू लागला. श्वेता गुडघ्यावर पडली. कुणी हललं नाही. मी पन्नास पावलं दूर, सेन्सरच्या खांबाजवळ होतो. मी पोचायच्या आत मॅडम पोचल्या.

त्यांनी साहिलचा घोटा धरून त्याला खाली ओढलं, कबड्डीत धरतात तसा. तो तोंडावर आपटला. पाइप त्यांच्या हातात आला. ज्या हाताने त्याने वेणी धरली होती त्या हाताच्या मनगटावर त्यांनी पहिला फटका मारला. मग त्याच जागी दुसरा. तिसऱ्याला हाड गेलं. साहिल किंचाळला.

"ओरडलास," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "पहिल्यापासून मोजू का आता?"

पण त्यांनी पाइप टाकून दिला. चंद्रभान सर धावत आले. "झालं ते झालं. साहिल केस करणार नाही, त्यालेही भरतीले जायचं हाय. मॅडम, तुम्ही जा घरी. पोरांनी कौल दिलाच हाय."

"हाव, जाते," मॅडम म्हणाल्या. श्वेताला उठवून त्या माझ्याकडे वळल्या. "इंजिनियर, गाडी काढ गा."

ठाण्यात हवालदाराने श्वेताची मान बघितली आणि कागद ओढला. "बोला, कोणी मारलं हिला?"

"ते सांगतोच. आधी माहं लिहा. मी एका पोराचा हात मोडला."

"अं? फिर्यादी कुठे आहे?"

"तो येणार नाही. त्याले भरती व्हायचं हाय. मले कुठं व्हायचं हाय? केस माह्यावर घ्या."

हवालदार खुर्चीतून अर्धवट उठला. "काहून मारलं, बाई?"

सरिता मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "फिर्याद भावाची नाही, जबाब माहा हाय. रविवारी माह्या भावाच्या गळ्यात हार घातला होता, तिथून लिहा."